नवे सेल घातले, पण टक्केवारी खोटी: एमएनटी रिफॉर्मच्या बॅटरीचे कॅलिब्रेशन

एमएनटी रिफॉर्म हा बर्लिनमध्ये तयार होणारा, घरी स्वतः जोडता येणारा लॅपटॉप. 2020 साली लोकवर्गणीतून तो आला. सर्किट, फर्मवेअर (म्हणजे चिपमध्ये बसवलेला प्रोग्राम), खोका असे त्याचे सगळेच आराखडे खुले आहेत. बॅटरीही नेहमीच्या लॅपटॉपसारखी बंद डबीतली नाही. 18650 मापाचे आठ सुटे सेल, डावीकडे चार आणि उजवीकडे चार, असे टॉर्चमध्ये बसवावेत तसे बसवायचे असतात. त्यामुळे सेल बदलणे सोपे आहे. मात्र नवे सेल घातल्यावर पडद्यावरची टक्केवारी भलतेच काही सांगू लागते: 40 टक्के असताना मशीन बंद पडते, किंवा टक्क्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. हा लेख त्या दुरुस्तीसाठी आहे. बॅटरी वेगळी पण बांधणी घरची असलेल्या यंत्रांसाठी शेवटाकडे थोडे वेगळे लिहिले आहे.

टक्केवारी येते कुठून

रिफॉर्ममधले सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी. एका सेलचे नाममात्र व्होल्टेज 3.2. पूर्ण भरताना ते 3.6 पर्यंत जाते आणि 2.5 च्या खाली उतरू द्यायचे नसते. भरलेला सेल चार्जरवरून काढून तासभर ठेवला की 3.35 ते 3.4 वर येऊन थांबतो आणि तिथून पुढे व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. 80 टक्के शिल्लक असो वा 40, मीटरवर फरक दिसतो तो काही शतांश व्होल्टचा, आणि लॅपटॉपवर थोडे काम पडले तरी त्याहून मोठा चढउतार होतो. नेहमीच्या लिथियम-आयन सेलमध्ये व्होल्टेज पाहून शिल्लक बऱ्यापैकी ओळखता येते, इथे ती सोय नाही.

म्हणून मशीनचा कंट्रोलर जमाखर्च मांडतो. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले, किती वेळ, याची सतत बेरीज-वजाबाकी करून शिल्लक काढतो. वही चोख असली तरी दोन गोष्टी तिला स्वतःहून कळत नाहीत: सुरुवातीची शिल्लक आणि गल्ला किती मोठा आहे. सेल काढले की पहिली गेली, नवे घातले की दुसरी बदलली. शिवाय मोजण्यात बारीक चूक असतेच आणि ती साठत जाते. करंट मोजताना फक्त 10 मिलिअँपिअरची चूक झाली तरी 24 तासांत 240 मिलिअँपिअर-तासांचा घोळ होतो. 1800 च्या बॅटरीत हे 13 टक्के झाले.

कॅलिब्रेशन म्हणजे वहीतला आकडा गल्ल्यातल्या रोकडीशी जुळवून घेणे, एवढेच. त्याने सेलची ताकद वाढत नाही. वाईट सेल कॅलिब्रेट केला तर तो वाईट आहे हे अचूक कळते, त्यापलीकडे काही नाही.

सेल घेताना

निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते, म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

18650 हे फक्त मापाचे नाव आहे: व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65. याच मापात 3.7 व्होल्टचे लिथियम-आयन सेलही येतात आणि दुकानात तेच जास्त दिसतात. रिफॉर्ममध्ये ते चालत नाहीत. इथला चार्जर सेलमागे 3.6 व्होल्टला थांबतो आणि तिथे लिथियम-आयन सेल जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका भरलेला असतो. उलट प्रकार जास्त धोक्याचा. एलएफपी सेल साध्या 4.2 व्होल्टच्या चार्जरमध्ये घातला तर तो मर्यादेबाहेर भरला जातो. तेव्हा लेबलवर 3.2 व्होल्ट लिहिले आहे का, ते आधी पाहा. सौर दिव्यांच्या दुकानांत एलएफपी हमखास मिळतात, पण ते बहुतेक 32650 मापाचे जाड सेल असतात. रसायन तेच, बसणार मात्र नाहीत.

या मापात एलएफपीची खरी क्षमता 1500 ते 1800 मिलिअँपिअर-तास असते, फार तर 2000. लेबलवर 3000 दिसले तर ते लेबल खोटे आहे. 9900 लिहिलेले सेल कुठल्याही रसायनात अस्तित्वात नाहीत, ऑनलाइन विक्रीत ते कितीही दिसले तरी. टोकाला संरक्षक चकती लावलेले सेल तीन-चार मिलिमीटरने लांब होतात आणि खाचेत कोंबावे लागतात. तेही नकोत. डोके सपाट असलेले, चकती नसलेले सेल घ्या.

आठही सेल एकाच वेळी, एकाच बनावटीचे आणि एकाच खेपेचे घ्या. दोन जादा घेतले तर उत्तम. जुन्या सहामध्ये नवे दोन मिसळण्याचा मोह टाळा. आठही सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांतून सारखाच करंट जातो आणि सर्वांत दुबळा सेल रिकामा झाला की मशीन बंद होते, बाकीच्या सातांत कितीही शिल्लक असली तरी. याच कारणाने बॅटरीची क्षमता आठपट होत नाही. 1800 चे आठ सेल साखळीत जोडले तरी क्षमता 1800 च राहते, वाढते ते व्होल्टेज: 8 गुणिले 3.2, म्हणजे 25.6. ऊर्जा सुमारे 46 वॅट-तास. 14400 चा आकडा धरून गणित मांडणारे नवखे दरवेळी भेटतात.

सेल पारखणे

लागेल ते असे: डिजिटल मल्टिमीटर, एलएफपीसाठी 3.6 व्होल्टची सोय असलेला आणि क्षमता मोजणारा चार खणांचा चार्जर, पक्क्या शाईचा पेन, वही. चार्जरवर ही सोय खरोखर आहे ना, याची खात्री करा. काहींत ती मेन्यूतून निवडावी लागते आणि वीज जाऊन आली की चार्जर गुपचूप 4.2 वर परततो. आपल्याकडच्या भारनियमनात हा धोका काल्पनिक नाही.

सेलवर 1 ते 10 आकडे लिहा. आल्या आल्या व्होल्टेज मोजा. नवा सेल साधारण 3.2 ते 3.3 दाखवतो. 2.5 च्या खाली असलेला सेल परत करा. मग प्रत्येक सेल 3.6 पर्यंत भरा, तासभर ठेवा, अर्ध्या अँपिअरने 2.5 पर्यंत रिकामा करा आणि निघालेली क्षमता वहीत लिहा. एका सेलला भरणे-रिकामे करणे मिळून सात-आठ तास जातात, म्हणजे दहा सेलना तीन-चार दिवस धरा. कंटाळवाणे काम आहे, पण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर उभा राहतो.

सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी क्षमतेत 50 मिलिअँपिअर-तासांपेक्षा जास्त अंतर नको. चार्जर अंतर्गत रोधही दाखवत असेल तर तो लिहून ठेवा, पण स्वस्त चार्जरचा हा आकडा सेल किती दाबून बसला यावरही बदलतो. म्हणून तो तुलनेपुरता वापरा: नऊ सेल 30 मिलिओहमच्या आसपास आणि एकच 70 असेल तर त्याला बाजूला काढा.

निवडलेले आठ सेल शेवटी पुन्हा पूर्ण भरा. अर्धवट भरलेले सेल मीटरवर सारखे दिसले तरी आतून सारखे नसतात, कारण मधल्या पट्ट्यात व्होल्टेज काहीच सांगत नाही. सारखेपणा फक्त वरच्या टोकाला जमवता येतो.

बसवणे

मशीन पूर्ण बंद करा, अडॅप्टर काढा, खालची पाटी उघडा. दोन्ही बॅटरी-बोर्डांच्या तारा मदरबोर्डवरून आधी सोडवा, मगच सेलला हात लावा. 26 व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण यातला एकटा सेलही क्षणात तीसेक अँपिअर सोडू शकतो. हातातली अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आणि कडे काढून ठेवा. धातूचा चिमटा वापरू नका. प्लॅस्टिकचे आवरण टोकाशी फाटलेला सेल बसवू नका.

सेल कुठल्या दिशेने बसवायचा, ते बोर्डवर अधिक-उणे खुणांनी छापलेले असते. सगळ्यांची दिशा एकच असेल असे गृहीत धरू नका, प्रत्येक खाचेची खूण पाहा. चार बसले की तारा जोडण्याआधी त्या बोर्डचे एकूण व्होल्टेज मोजा. ते साधारण 13.2 ते 13.6 हवे. एक सेल जरी उलटा असेल तरी आकडा थेट 6.7 च्या आसपास येतो, कारण उलटा सेल आपले व्होल्टेज देत नाही आणि वर दुसऱ्याचे खातो. हे मोजमाप अर्ध्या मिनिटाचे आहे आणि ते टाळल्याने बोर्ड गेलेले आहेत. दोन्हीकडचे आकडे बरोबर आले की मगच तारा जोडा.

आता कीबोर्डवरचे गोल चिन्हाचे बटण दाबा आणि वरच्या छोट्या पडद्यावरच्या मेन्यूतून बी अक्षराने बॅटरीची स्थिती उघडा. आठही सेलचे वेगवेगळे व्होल्टेज दिसेल. ते मल्टिमीटरशी ताडून पाहा. 10-20 मिलिव्होल्टचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर दोन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या ओळखता येतात:

शेजारच्या दोन सेलपैकी एक 0.1 व्होल्टने जास्त आणि दुसरा तितकाच कमी, पण दोघांची बेरीज बरोबर, असे दिसले तर सेल ठीक आहेत. दोघांमधली मोजमापाची जोडणी कच्ची आहे.

एखादा सेल मशीन चालू असताना सगळ्यांपेक्षा कमी आणि चार्जिंगला लावल्यावर सगळ्यांपेक्षा जास्त दिसतो, मशीन बंद केले की मात्र इतरांच्या रांगेत येतो, तर त्याच्या टोकाशी रोध आहे. मळकट पत्रा किंवा सैल पकड. तार पुन्हा सोडवून, सेल काढून, दोन्ही टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरी तेच राहिले तर त्या सेलची जागा बदलून पाहा: दोष सेलबरोबर गेला तर सेलचा, जागेवरच राहिला तर पकडीचा.

हे निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाकड्या तराजूवर वजन करून उपयोग नाही.

वरचे टोक

अडॅप्टर लावा आणि मशीन बंद ठेवूनच भरा. बहुतेकदा एक सेल इतरांआधी 3.6 वर पोचतो. तेव्हा कंट्रोलर चार्जिंग थांबवतो, पुढे गेलेल्या सेलमधली थोडी वीज रोधकातून उष्णतेच्या रूपात उडवतो आणि पुन्हा सुरू करतो. यालाच बॅलन्सिंग म्हणतात. चार्जिंग सुरू-बंद होताना पाहून अडॅप्टर बिघडला असे वाटते, पण ते योग्यच चाललेले असते. हे काम मुंगीच्या पावलांनी होते. ढोबळ हिशेब सांगायचा तर, 50 मिलिअँपिअरने वीज उडवणाऱ्या सर्किटला 100 मिलिअँपिअर-तासांचा फरक मिटवायला सलग दोन तास लागतात, आणि ते काम फक्त वरच्या टोकाशी असतानाच होते. सेल आधी बाहेर पूर्ण भरून घेतले असतील तर इथे फारसे काही उरत नाही. नसतील घेतले तर रात्रभर लावून ठेवा, आणि पहिल्या रात्रीत जमले नाही तर दुसरीही.

आठही सेल 3.5 ते 3.6 दरम्यान आणि करंट जवळपास शून्य, ही पूर्ण भरल्याची खूण. या क्षणी कंट्रोलर वहीत 100 टक्के लिहितो आणि प्रश्नचिन्हे जातात. अडॅप्टर काढल्यावर तासाभरात व्होल्टेज 3.4 च्या खाली येईल. बॅटरी उतरली असे समजून पुन्हा लावू नका.

उन्हाळ्यात वेळ निवडा. 45 अंशांच्या वर लिथियम सेल भरू नयेत आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी बंद खोलीतले मशीन त्या आकड्याला सहज टेकते. पहाटे भरा. शून्याखाली तर अजिबात भरू नये. महाराष्ट्रात तो प्रश्न येत नाही, पण युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांनी गाडीत रात्रभर राहिलेले मशीन आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नये. थंड सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात जमून बसते आणि ते नुकसान भरून येत नाही.

खालचे टोक

आता बॅटरी एका संथ, सारख्या भाराखाली उतरवायची. पडदा मध्यम उजेडावर, एखादा व्हिडिओ सतत चालू, झोपेत जाण्याची सोय बंद. चालू फाइली बंद करून ठेवा. अचानक वीज गेली तर डिस्कवरचे लिखाण अर्धवट राहू शकते.

दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी लिहा: वेळ, करंट, सर्वांत कमी सेलचे व्होल्टेज, टक्केवारी. लिनक्समध्ये बॅटरीच्या नोंदी दर मिनिटाला फाइलमध्ये उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली तर बसून राहायला नको, पण शेवटचा अर्धा तास समोर बसाच. पहिले तीन-साडेतीन तास व्होल्टेज ढिम्म राहील आणि मग एकाएकी उतार लागेल. कुठलाही एक सेल भार चालू असताना 2.8 वर आला की मशीन नीट बंद करा. यंत्राने स्वतः कापेपर्यंत ताणू नका. 2.8 पासून 2.5 पर्यंत जी वीज उरते ती नगण्य असते आणि दुबळा सेल तिथून दोन-तीन मिनिटांत कोसळू शकतो.

समजा सरासरी करंट 0.42 अँपिअर निघाला आणि मशीन 4 तास 5 मिनिटे चालले. गुणाकार 1.715 अँपिअर-तास, म्हणजे 1715 मिलिअँपिअर-तास. ही तुमच्या बॅटरीची खरी क्षमता. ती चार्जरवर सर्वांत कमी निघालेल्या सेलच्या जवळपास असायला हवी. वहीत 1800 धरलेले असेल तर बंद करताना टक्केवारी 5 च्या आसपास दिसेल. एवढा फरक चालतो. पण 25 वर बंद करावे लागले तर नोंदी उलगडा. शेवटी एकच सेल कोसळला आणि बाकीचे 3.1 च्या वर होते, तर त्या सेलचा दोष. सगळे एकत्र उतरले, तर गृहीत धरलेली क्षमता जास्त आहे आणि फर्मवेअरमधला तो आकडा मोजलेल्या आकड्याने बदलायला हवा. फर्मवेअर खुले असल्याने ते करता येते. मात्र बदल चढवताना मशीनच्या हँडबुकमधला क्रम अक्षरशः पाळा आणि जुनी फाइल जपून ठेवा.

यानंतर लगेच, मध्ये न थांबता, पुन्हा 100 पर्यंत भरा. रिकाम्या अवस्थेत रात्रभर ठेवू नका. एवढे झाले की कॅलिब्रेशन संपले.

ही संपूर्ण फेरी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी पुरे. मधल्या काळात दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण भरून तासभर अडॅप्टरवर राहू दिले तरी वही आपोआप जुळते.

चिप वेगळी असेल तर

रास्पबेरी पाय या एका बोर्डवरच्या छोट्या संगणकाभोवती बांधलेल्या घरगुती लॅपटॉपांत बहुधा लिथियम-आयन सेल आणि एक तयार मापक चिप असते. मॅक्स17048 सारखी चिप मुख्यतः व्होल्टेजवरून शिल्लक ताडते. तिला उतरवण्या-चढवण्याची फेरी लागत नाही, पण तिच्या बोर्डवर एलएफपी सेल घातले तर आकडे निरर्थक येतात.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू मालिकेतल्या, सेलचा अंतर्गत रोध शिकत जाणाऱ्या चिपांना मात्र विश्रांती लागते. पूर्ण भरल्यावर सुमारे दोन तास आणि रिकामी केल्यावर सुमारे पाच तास बॅटरीवर काहीही भार नको. त्या शांत अवस्थेतले व्होल्टेज वाचूनच चिप खरी क्षमता ठरवते. कॅलिब्रेशन तीनदा केले तरी सुधारणा नाही, या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हीच विश्रांती गाळलेली असते. रिकामी झाली की माणूस घाईने चार्जर लावतो आणि सगळी फेरी वाया जाते. चिपमध्ये भरलेली सेलच्या रसायनाची ओळख चुकीची असेल तर विश्रांतीनेही काम होत नाही. ती आधी तपासा.

नंतरची निगा

रिफॉर्म बंद असतानाही कंट्रोलर थोडी वीज पीत राहतो. सुरुवातीच्या बॅटरी-बोर्डांवर खोल उतरण्यापासून संरक्षण नव्हते, ते पुढच्या बोर्डांत आले. जुना बोर्ड असेल आणि मशीन काही आठवडे पडून राहणार असेल तर निम्मी भरून तारा सोडवून ठेवा. अर्थात त्यानंतर प्रश्नचिन्हे परत येतील. एकदा पूर्ण भरणे पुरे, खालचे टोक पुन्हा गाठायची गरज नाही.

चुकून 2 व्होल्टच्या जरा खाली गेलेला सेल बाहेर काढून 50 ते 100 मिलिअँपिअरने 2.5 पर्यंत हळू चढवून पाहता येतो. दिवसभर ठेवल्यावर व्होल्टेज टिकले तर क्षमता मोजा, घसरले तर काढून टाका. 1 व्होल्टच्या खाली गेलेल्याच्या नादी लागू नका. आतल्या पट्टीचे तांबे विरघळून नको तिथे जमते आणि पुढे भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. विमानप्रवासात सुटे सेल सामानाच्या बॅगेत चालत नाहीत. ते हाताशी ठेवायच्या पिशवीत, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत, टोके झाकून न्या.